वाचून बघतो

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी हसमुखभाईंनी माझ्या कीबोर्डला कुंकू लावून वर चार अक्षता टाकल्या, तेव्हा मी सबनीसच्या हातांकडे बघत होते. दोन्ही हात रेशमी झब्ब्याच्या खिशात होते आणि गडी खुशीत होता. मी जूनपासून अशा एका संध्याकाळची वाट बघत होते, हे त्याला कुठून माहीत असणार?

शेअरबाजार त्या दिवशी दिवसभर बंद असतो. फक्त संध्याकाळी मुहूर्तापुरता तासभर उघडतो आणि नव्या वर्षाचा पहिला सौदा त्यात होतो. आमची ब्रोकर कंपनी पुण्यातली. लोकांच्या ऑर्डरी बाजारात पोचवणारी सिस्टिम आम्ही प्रोग्रामर लिहायचो. मालक हसमुखभाई तीन पिढ्यांपासून इथले, त्यामुळे त्यांचं मराठी आमच्यातल्या निम्म्या जणांपेक्षा शुद्ध. मुहूर्ताचा पहिला सौदा भाईंच्या घरचा असायचा. हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर ऑर्डर गेल्याची हिरवी पट्टी दिसली की सगळे टाळ्या वाजवायचे आणि मग पेढे. त्या वर्षी मान नव्या सूनबाईंचा होता. धाराभाभींची पहिली दिवाळी, त्यांच्या नावाचं नवं खातं, त्यांच्या हातची पहिली खरेदी.

भाईंच्या उजव्या हाताला मकरंद सबनीस उभा होता. तो आमचा, म्हणजे प्रोग्रामर लोकांचा, साहेब. तोंडावर मी त्याला सर म्हणायचे. मनात अरे-तुरे चालायचं आणि आजही तसंच चालतं.

त्या हॉलमध्ये एक माणूस नव्हता. वसंत देशमाने. मी इचलकरंजीहून पदवी घेऊन आले तेव्हा मला प्रोग्राम लिहिता येत होता, वाचता येत नव्हता. वाचायला देशमाने सरांनी शिकवलं. आमच्या धंद्यात एक नियम असतो. कुणीही लिहिलेला बदल दुसऱ्या माणसाने वाचून मंजूर केल्याशिवाय चालू सिस्टिममध्ये जात नाही. पैशाचं काम, त्यावर दोन डोळे कमी पडतात म्हणून चार. देशमाने सर हा नियम देवपूजेसारखा पाळायचे. कोड कागदावर छापून घ्यायचे, पेन्सिल कानावर ठेवायचे, आणि कितीही घाई असो, उत्तर ठरलेलं.

"वाचून बघतो. मग सांगतो."

आम्ही मागे त्यांची नक्कल करायचो. मग तो कागद पेन्सिलीच्या खुणांनी भरून परत यायचा आणि नक्कल बंद व्हायची.

सबनीसची मंजुरी याच्या अगदी उलट. फोनवर बोलता बोलता मंजूर, इडली खाता खाता मंजूर, लिफ्टमध्ये मोबाइलवर मंजूर. लोक त्याच्यावर खूश असायचे, कारण त्याच्याकडे काही अडायचं नाही. हे तो स्वतःच अभिमानाने सांगत फिरायचा.

आम्ही दोघांनी, सरांनी आणि मी, एक प्रोग्राम लिहिला होता. त्याला सगळे दारवान म्हणायचे. प्रत्येक ऑर्डर बाजारात जाण्याआधी दारवान तिला हटकायचा. खात्याच्या मर्यादेत आहेस का? किंमत भलतीच नाही ना? ऑर्डर टाकणाऱ्या डीलरच्या बोटाने एखादं शून्य जास्त पडलं की दारवान तिथल्या तिथे अडवायचा. चार वर्षांत तो एकदाही झोपला नव्हता.

जूनमध्ये एका डीलरच्या हातून शून्य जास्त पडलं, आणि ऑर्डर सरळ बाजारात गेली. कंपनीला जबर फटका बसला. भाईंनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. दारवानाने अडवलं का नाही, हा एकच प्रश्न होता. सबनीसने उत्तर तयार ठेवलं होतं. दारवानाला बाजूला सारायची सोयच सिस्टिममध्ये नाही, तो म्हणाला, तेव्हा दारवानातच चूक असणार, आणि दारवान देशमान्यांचा.

देशमाने सर उठून उभे राहिले. पन्नाशी ओलांडलेला माणूस, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा उभा. भांडले नाहीत, की कुणावर ढकललं नाही. एवढंच म्हणाले, "भाई, मला वाचून बघू द्या. दोन दिवस द्या."

दोन दिवस कुणी दिले नाहीत. त्यांचं लॉगिन त्याच दुपारी बंद झालं. सबनीसने सगळ्यांसमोर त्यांच्या गळ्यातलं ओळखपत्र स्वतःच्या हाताने काढून घेतलं आणि वर पाठीवर थोपटलं. त्या थोपटण्याचा मी डूख धरला. पुढचं सगळं त्यातून झालं.

मी अर्थातच गप्प बसले नाही. दारवान नीट आहे, पुन्हा तपासा, असं मी मनुष्यबळ खात्याच्या मॅडमना लिहून दिलं. त्यांनी ते इमानेइतबारे सबनीसकडे पाठवलं. त्याने मला बोलावून चहा पाजला आणि हळूच विचारलं, अर्धा दारवान तूही लिहिला आहेस ना, चौकशी तुझ्या अर्ध्यापर्यंत न्यायची का? घरी पैसे पाठवणारी मुलगी होते मी. चहा पिऊन बाहेर आले.

मग मी सरांनी शिकवलं होतं तेच केलं. दारवान छापला. तो निर्दोष निघाला. मग दारवानाच्या पुढचं, मागचं, आजूबाजूचं, इतरांनी लिहिलेलं सगळं छापलं आणि रोज थोडं थोडं वाचत गेले. जुलै गेला. नागपंचमीच्या सुमाराला मला ते सापडलं. सबनीसनेच कधीकाळी लिहिलेल्या चार ओळी. त्याच्या लॉगिनवरून एक आज्ञा दिली की दारवानाच्या सगळ्या तपासण्या मुक्या व्हायच्या, आणि त्यानेच पुन्हा सुरू करेपर्यंत मुक्याच राहायच्या. कधी, कुणी बंद केल्या याची कुठेही नोंद नाही. घराला चोरदरवाजा ठेवावा तसा प्रकार. जूनमधल्या त्या दुपारी एक बडं गिऱ्हाईक तपासण्यांपायी ऑर्डरी उशिरा जातात म्हणून ओरडत होतं, ते आम्ही सगळ्यांनीच ऐकलं होतं. ते शांत करायला सबनीसने दार उघडलं आणि लावायला विसरला; फटका बसल्यावर गुपचूप लावलं. मला सगळं लख्ख दिसलं.

दिसलं, पण सिद्ध काय करणार? भाईंकडे गेले असते तर सबनीसने त्या चार ओळी मिनिटात पुसल्या असत्या आणि मलाच खोटं पाडलं असतं. म्हणून मी मूग गिळून बसले. देशमाने सरांनाही बोलले नाही.

सरांकडे जात मात्र होते. सहकारनगरमधल्या त्यांच्या घरी ते सकाळी पेपर पेन्सिल घेऊन वाचायचे आणि छपाईच्या चुकांना गोल करायचे, कारण दुसरं वाचायला काही नव्हतं. नोकरीसाठी बोलावणी यायची. पहिली भेट झकास व्हायची, दुसरी व्हायची, आणि मग सगळं सामसूम. कारण नवी कंपनी जुन्या कंपनीला फोन करून विचारते आणि तो फोन सबनीस घ्यायचा. माणूस सज्जन आहे हो, तो म्हणायचा, पण. त्या 'पण'पुढे तो काही बोलायचाच नाही, आणि तेवढं पुरायचं. सरांची सगळी कमाई म्हणजे त्यांचं नाव, आणि ते या माणसाच्या जिभेवर होतं. जोवर ते तिथून सुटत नव्हतं तोवर त्यांना पुण्यात कुणी दारात उभं करणार नव्हतं.

एकदा ते मला म्हणाले, "अरुंधती, माझ्यापायी तू कडू होऊ नकोस."

मी हो म्हणाले. कडू तर मी केव्हाच झाले होते.

दिवाळीच्या आधी आमच्याकडे सिस्टिम गोठवतात. सणात काही मोडायला नको म्हणून एक तारीख ठरते, त्यानंतर एकही बदल आत जात नाही. त्यामुळे त्या तारखेआधी झुंबड उडते आणि साहेबाच्या पुढ्यात मंजुरीसाठी बदलांची रास पडते. त्या राशीत मी माझा एक बदल ठेवला. लपवलं काही नाही, हे छातीवर हात ठेवून सांगते. तो काय करतो, कधी करतो, का करतो, सगळं स्वच्छ शब्दांत वर लिहिलं होतं. ज्याने पहिल्या तीन ओळी वाचल्या असत्या त्याने मला त्याच क्षणी घरी बसवलं असतं.

सबनीस तेव्हा ऑफिसच्या सजावटीसाठी मोबाइलवर आकाशकंदील निवडत होता. मी मुद्दाम त्याच्या टेबलाशी गेले.

"सर, माझा बदल आहे त्यात. दारवानाबद्दल आहे. एकदा वाचून घ्याल का?"

"तू लिहिलंयस ना? मग त्यात वाचायचं काय?" तो म्हणाला आणि माझ्यादेखत मंजूर केलं. मग मला विचारलं, चांदणी बरी दिसेल की कमळ.

मी चांदणी म्हणाले.

दुसरी गोष्टही मी रीतसर केली. त्याला संदेश लिहिला की धाराभाभींचं खातं नवं आहे, त्याला मर्यादा भरलेली नाही, ती भरायचा अधिकार तुमचाच, नाही भरली तर मुहूर्ताची ऑर्डर दारवान अडवेल. उत्तरात नुसतं अंगठ्याचं चित्र आलं. निरक्षर माणूस कागदावर उठवतो तसाच अंगठा. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि माझा सगळा डाव त्या म्हणीवर उभा होता.

तर लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. बाजार उघडला. धाराभाभींनी बांगड्या मागे सारल्या, सगळ्यांकडे बघून हसल्या आणि बटण दाबलं. पडद्यावर लाल पट्टी आली: ऑर्डर अडवली, खात्याला मर्यादा नाही.

टाळ्यांसाठी वर आलेले हात तसेच राहिले. भाभींच्या सासूबाईंचा चेहरा पडला. नव्या सुनेची पहिली खरेदी, आणि ती दारातून परत आली, हे त्या घरात काय समजतात ते सांगायला नको. भाभींनी पुन्हा दाबलं. पुन्हा लाल.

"एक सेकंद, भाई," सबनीस म्हणाला. त्याच्याकडे काही अडत नसे ना. मर्यादा रीतसर भरायची तर पाचसहा फॉर्म उघडावे लागतात, आणि इथे मुहूर्त चालला होता. सगळ्यात जवळचा कीबोर्ड माझा होता, कुंकू लावलेला. तो त्यावर वाकला, स्वतःच्या नावाने आत शिरला आणि त्याने काहीतरी भराभर टाइप केलं. बोटांना कुंकू लागलं ते झब्ब्याला पुसलंही.

"आता दाबा, भाभी."

हिरवी पट्टी. टाळ्यांचा कडकडाट. सासूबाई हसल्या, कुणीतरी पेढ्यांचं झाकण काढलं. सबनीसने मान लववून टाळ्या स्वतःकडेही थोड्या वळवून घेतल्या.

आणि मग पडद्यावर हिरव्या पट्टीच्या वर एक भगवी पट्टी आली. आली आणि तिथेच राहिली. अक्षरं मी मुद्दाम मोठी ठेवली होती, मागच्या रांगेतल्यांनाही चष्म्याशिवाय वाचता यावीत अशी.

'दारवानाच्या सर्व तपासण्या हाताने बंद केल्या आहेत. बंद करणारे: मकरंद सबनीस. अजून परत सुरू केलेल्या नाहीत.'

टाळ्या एकेक करून थांबल्या. डीलर लोकांना सगळ्यात आधी कळलं, कारण जूनमध्ये शिव्या त्यांनीच खाल्ल्या होत्या. भाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि ती पट्टी शांतपणे, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

"मकरंद, हे काय आहे?"

"काही नाही भाई, थोडं टेक्निकल आहे. मी नंतर समजावतो."

"टेक्निकल मला कळत नाही. वाचता येतं." भाईंचा आवाज चढला नव्हता. "जूनमध्ये तू याच जागी उभा होतास. दारवानाला बाजूला सारायची सोयच नाही म्हणालास. तुझ्या शब्दावर मी देशमान्यांना घरी पाठवलं."

सबनीसला कुणी ढकललं नव्हतं. सगळ्या हॉलसमोर, मालकाच्या घरच्या बायकांसमोर, त्याने स्वतःच्या हाताने दार उघडून दाखवलं होतं. हात दाखवून अवलक्षण ते हेच. त्याने माझ्याकडे बघितलं.

"हे तू टाकलंस?"

"हो सर," मी म्हणाले. "मंजूर तुम्ही केलंत."

"मला न सांगता—"

"सांगितलं होतं सर. वाचून घ्या म्हणालेही होते. तुम्ही कंदील बघत होतात."

मागे कुणीतरी हसलं आणि खोकल्यासारखं केलं. भाई मात्र शेवटी धंदेवाले. ते म्हणाले की बाकीचं मागाहून, बाजार चालू आहे, आधी दार लाव. सबनीस पुन्हा माझ्या कीबोर्डवर वाकला. पासवर्ड चुकला. पुन्हा चुकला. सगळा हॉल बघत होता. मला त्या वेळी त्याची कीव आली, असं लिहिलं तर बरं दिसेल. नाही आली. मी पेढा खाल्ला, आणि तो फार गोड लागला.

बाजार बंद झाल्यावर भाईंनी आम्हा दोघांना केबिनमध्ये घेतलं. सबनीसने तोवर सगळं कबूल केलं होतं. करणार नाही तर काय! भाईंना बभ्रा नको होता. सण झाला की हा राजीनामा देईल, घरगुती कारण सांगू, निरोपसमारंभही करू, आणि देशमान्यांना मी माझ्या परीने कळवेन, असं त्यांनी ठरवत आणलं. मी म्हणाले, नाही. भाईंना नाही म्हणणारी मी त्या इमारतीत बहुधा पहिलीच.

"देशमाने सरांचं ओळखपत्र यांनी सगळ्यांसमोर काढलं होतं," मी म्हणाले. "आता यांनी त्यांना फोन करायचा. इथून, तुमच्यासमोर, स्पीकर लावून."

"बेटा, सणाचा दिवस आहे."

"त्यांचाही आहे, भाई."

भाईंनी थोडा वेळ टेबलावरच्या लक्ष्मीकडे बघितलं आणि फोन सबनीसपुढे सरकवला.

पलीकडून फटाक्यांचे आवाज आले, मग सरांचा हॅलो. सबनीसने गळा साफ केला. वसंतराव, शुभ दीपावली, म्हणाला. वहिनी कशा आहेत, म्हणाला. शेवटी आलाच मुद्द्यावर. "ते जूनचं... त्यात थोडी चूक झाली होती. तुमच्याबद्दल गैरसमज झाला. मी दिलगीर आहे. आता आपण ते विसरून जाऊ." पाठोपाठ भाई म्हणाले की पाडव्यापासून परत या, तुमची खुर्ची तुमचीच आहे.

मी सरांना ओळखत होते. असू द्या हो, म्हणतील आणि क्षमा करून मोकळे होतील, अशी मला भीती होती. तसं झालं असतं तर माझी सगळी मेहनत पाण्यात गेली असती.

"लेखी पाठवा, सबनीस," सर म्हणाले. "वाचून बघतो. मग सांगतो."

आणि फोन ठेवला.

भाई पोट धरून हसले, आणि हसणं ओसरल्यावर त्यांनी हुकूम सोडला. देशमाने मंजूर म्हणेपर्यंत सबनीसचा कार्यमुक्तीचा कागद निघणार नाही. सबनीसला तो कागद लवकर हवा होता. त्याशिवाय दुसरी कंपनी त्याला घेणार नव्हती.

पहिला मसुदा भाऊबिजेला गेला. सरांनी तो छापून पेन्सिलीच्या खुणा करून परत पाठवला. समासात लिहिलं होतं: 'चूक झाली, हे कळलं. केली कोणी?' दुसऱ्या मसुद्यात नाव आलं, पण गैरसमज राहिला होता. त्यावर शेरा: 'गैरसमज झाला नव्हता, करून दिला होता. दुरुस्त करा.' तिसऱ्यात सबनीसने दबाव, कामाचा ताण वगैरे घातलं, ते सगळं सरांनी एका आडव्या रेघेने काढून टाकलं. कागद नेण्या-आणण्याचं काम मी आपणहून घेतलं होतं. प्रत्येक वेळी तो माझ्यासमोर शेरे वाचायचा आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. त्रिपुरी पौर्णिमा आली तेव्हा मंजुरी मिळाली. ते पत्र भाईंनी सहीनिशी त्या प्रत्येक कंपनीला पाठवलं, जिथे सबनीसचा 'पण' पोचला होता. सर आमच्याकडे परत आले नाहीत. जिथे त्यांना दुसऱ्या भेटीनंतर टाळलं होतं तिथेच मोठ्या पदावर गेले आणि तिथल्या पोरांनी त्यांची नक्कल करायला सुरुवात केली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. ती कंपनी राहिली नाही, भाईही नाहीत. मला मात्र सबनीसचा शेवटचा दिवस सगळ्यात स्पष्ट आठवतो.

निरोपसमारंभ झाला नाही. तो एकटाच माझ्या टेबलाशी आला, कारण कार्यमुक्तीचा कागद भाईंनी माझ्याकडे दिला होता. मी कागद पुढे केला आणि पोच म्हणून सही करायला दुसरा एक कागद दिला. सवयीने त्याने पेन काढलं आणि टोक कागदाला टेकवलं.

"सर," मी म्हणाले, "वाचून घ्या."

त्याचा हात थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे. मग पेनचं टोपण लावलं आणि उभ्या उभ्याच वाचायला लागला. ओळीखाली बोट ठेवून, पहिलीतलं मूल वाचतं तसं, वरपासून खालपर्यंत. संपल्यावर पुन्हा वर गेला. उलटून मागची कोरी बाजूसुद्धा बघितली. आजूबाजूच्यांची कामं थांबली होती. मला काही घाई नव्हती.

त्या कागदात काहीच नव्हतं. नेहमीची छापील पोच होती. पण ते मी त्याला सांगितलं नाही.